कोरडं तळं बेवारस नसतं

उन्हाळ्यात तलाव तळाला गेला की गाळ न्यायला ट्रॅक्टर येतात, हे आपल्या नगर जिल्ह्याला नवं नाही. आता त्यांच्या मागोमाग मेटल डिटेक्टरही येऊ लागला आहे. काही हजार रुपयांत यंत्र घरपोच मिळतं. कानाला हेडफोन लावायचा, थाळी जमिनीलगत फिरवायची, आवाज आला की खुरप्यानं उकरायचं. कधी शिवराई निघते, कधी राणीछाप पैसा, कधी गोऱ्या पलटणीचं पितळी बटण. या छंदाला कोणी नाव ठेवलं, की हौशी मंडळींचं उत्तर तयार असतं. तळ्यात पडलेल्या वस्तूला मालक नाही. आम्ही काढली नाही तर ती गंजून जाईल. सरकारला कळवलं तर सरकार गिळून बसेल. इंग्लंडात हे सगळं राजरोस चालतं. आणि जेसीबी अख्खा तलाव खरवडून नेतो त्याला कोणी विचारत नाही, मग एका खुरप्यावर एवढा डोळा का?

हे उत्तर मूर्खपणाचं नाही. त्यातल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्या मी पुढे मान्य करणार आहे. पण खऱ्या तक्रारींच्या आडून चुकीचा निष्कर्ष पुढे सरकवला जातो, म्हणून हा प्रतिवाद.

मी केडगावचा, नगरच्या वेशीवरच्या केडगावचा, दौंडकडच्या नव्हे. आमच्या भोवती कोरड्या पाण्याची कमी नाही. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख, त्यामुळे निजामशाहीला इथे राजधानी करायची तर आधी पाणी आणावं लागलं. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा बाजूंनी जमिनीखालून खापरी नळांनी ते शहरात आणलं गेलं. फराहबक्ष महाल तर तळ्याच्या मधोमध बांधलेला; १५८३च्या सुमारास तो पुरा झाला, आणि आज त्याच्याभोवती कोरडी जमीन आहे. हश्त बेहेश्त बागेतलं तळंही तसंच आटलेलं. पूर्वेला भातोडीचा तलाव. सीना वर्षातला बहुतेक काळ नावापुरती नदी. यंत्र घेऊन निघालेल्याला यापेक्षा सोयीचा प्रदेश कुठला? म्हणूनच हा वाद आमच्या दारातला आहे.

पहिला दावा मालकीचा. ‘तळ्यातलं कोणाचंच नाही’ हे ऐकायला बरं वाटतं, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचं कलम २० सांगतं, की नद्या, नाले, तलाव, तळी यांचे तळ दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नसतील तर ते राज्य शासनाचे. पाणी आटलं म्हणून सातबारा आटत नाही. फराहबक्षच्या परिसरात लष्कर आहे, गावतळ्यावर ग्रामपंचायत आहे, पाझर तलावावर जिल्हा परिषद किंवा जलसंधारण खातं आहे. म्हणजे मालक आहे, फक्त तो तिथे खुर्ची टाकून बसलेला नाही. मालक हजर नसणं आणि मालक नसणं यांतला फरक शेतकऱ्याच्या पोराला तरी समजावून सांगावा लागू नये. आपल्या बांधावरचं लाकूड कोणी ‘इथं कोणी नव्हतं’ म्हणून नेलं तर आपण काय म्हणतो?

पण मालकी हा माझा मुख्य मुद्दा नाही. उद्या शासनानं लेखी परवानगी दिली तरीही माझी हरकत उरतेच, कारण ती दुसऱ्या दाव्याशी आहे. ‘आम्ही इतिहास वाचवतो’ हा तो दावा.

नाणं वाचतं, हे खरं. इतिहास वाचतो का? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला, एका भिल्ल मजुराला झुडपाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्या वितळवल्या गेल्या नाहीत, सरकारजमा झाल्या, आज देशाच्या ठेव्यात मोजल्या जातात. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीनं एस. ए. साळी यांनी तिथे रीतसर उत्खननही केलं. तरीही या मूर्ती नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर पंडितांचं एकमत झालं नाही. म. के. ढवळीकरांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवलं. त्या काळातल्या इतर तांब्याच्या वस्तूंशी ते जुळत नाही, म्हणून मूर्ती बऱ्याच नंतरच्या असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. हा वाद मुळात उद्भवला का? कारण मूर्ती कोणत्या थरातून, कशाच्या सोबतीनं वर आल्या, हे पाहणारं कोणी तिथे नव्हतं. त्या मजुराला दोष देण्यात अर्थ नाही. तो मूळ खणत होता, पुरातत्त्व नव्हे. पण साठ किलोंचा, जगात जोड नसलेला ठेवा हातात असूनही केवळ जागेची नोंद नसल्यानं काळ ठरेना, तर तुमच्या खिशातल्या दहा ग्रॅमच्या शिवराईचं काय होईल? आणि मजूर अजाणता खणत होता. तुम्ही समजून-उमजून खणता.

यावर एक प्रतिप्रश्न येतो, आणि तो जाणकाराचा असतो. तळ्याच्या गाळात कसले आले थर? आपली काळी माती उन्हाळ्यात हात-हात भेगाळते, वरची वस्तू भेगेतून खाली जाते, पावसाळ्यात माती फुगून सगळं पुन्हा घुसळलं जातं. हे बरोबर आहे. काळ्या मातीत नाणं किती खोल सापडलं यावरून त्याचा काळ ठरवणं धोक्याचं असतं. पण खोली गेली तरी आडवी जागा उरते. नाणी घाटाच्या पायऱ्यांशी दाट आहेत की सांडव्याशी? बटणं तळ्याच्या एकाच कोपऱ्यात का, तिथे छावणीचा पाणवठा होता का? शिशाच्या गोळ्या एका रेषेत का पडल्यात? हे प्रश्न खोलीवर नव्हे, नकाशावर सुटतात. आणि वस्तू उचलून खिशात टाकली की जातो तो नकाशाच.

भातोडीचंच घ्या. १६२४ साली निजामशाहीच्या मलिक अंबरानं इथे मुघल आणि आदिलशाही फौजांना एकत्र गाठून मोडलं. तलावाचं पाणी सोडून त्यानं शत्रूची वाट चिखलात घातली, मग छापे घालून तो दमवला आणि अखेर झोडपला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. गनिमी काव्याची ही मोठी शाळा, असं आपण भाषणांत म्हणतो. पण फौज नेमकी कुठे अडकली, पळ कोणत्या दिशेनं निघाला, छापे कोणत्या बाजूनं आले, हे बखरी आणि तवारिखा आपापल्या धन्याच्या सोयीनं सांगतात. जमिनीत पडलेली गोळी, नाल, तुटका बाण कोणाचा पगारी नसतो. तिला विचारायचं तर ती पडली तिथेच आधी विचारावं लागतं.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यात लिटल बिगहॉर्नला १८७६ साली लेफ्टनंट कर्नल कस्टरची तुकडी सू आणि शायान योद्ध्यांनी कापून काढली. शंभर वर्षं त्या लढाईवर दंतकथांचे थर चढले. १९८३ साली वणव्यानं तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षापासून डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स हे पुरातत्त्वज्ञ मेटल डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांना सोबत घेऊन रणांगणावर उतरले. ओळीनं चालायचं, आवाज आला की उकरायचं नाही, आधी तिथे झेंडी रोवायची. मागून येणारे मोजमाप करून मगच वस्तू उचलणार. काडतुसांच्या टोप्यांवर बंदुकीच्या पिनेनं उमटलेल्या खुणा जुळवून एकच बंदूक रणांगणात कुठून कुठे सरकली, हे त्यांना काढता आलं. लढाईचा ठरून गेलेला इतिहास त्यांनी पुन्हा लिहायला लावला. यंत्र तेच, जे आज ऑनलाइन मिळतं. फरक फक्त झेंडीचा.

म्हणून ‘तुम्हाला यंत्राचीच भीती वाटते’ हा आरोप मला लागू नाही. यंत्र उत्तम आहे. त्याचा आवाज आल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो, एवढाच प्रश्न आहे.

‘एकट्या-दुकट्या नाण्यानं काय बिघडतं?’ असंही विचारतात. नाशिक जिल्ह्यात गोदाकाठच्या जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्या राजानं आपल्या नावानं चालवला, याचा इतका सज्जड पुरावा दुसरा नाही. पण तो पुरावा कोणत्याही एका नाण्यात नाही, तो साठा एकत्र मोजला गेला यात आहे. हाच साठा रोज दोन-चार नाणी करत बाजारात गेला असता, तर तेरा हजार संग्राहक खूश झाले असते आणि सातवाहनांच्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं असतं. एकटं नाणं एकटंच होतं की साठ्याचं पहिलं नाणं होतं, हे उचलणाऱ्याला उचलताना ठाऊक नसतं.

‘वाचवण्या’च्या दाव्यात आणखी एक खोट आहे. नाणं वर काढल्यावर हौशी माणूस पहिलं काम करतो ते ते घासण्याचं. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, जे हाताशी असेल ते. तांब्यावर शतकांनी धरलेला हिरवा थर खरवडला की त्याच्यासोबत अक्षरंही जातात. निजामशाहीची तांब्याची नाणी आधीच जाड, ओबडधोबड. छाप नाण्याहून मोठा, त्यामुळे अर्धं नाव नाण्याच्या बाहेर. टाकसाळीचं नाव ओळखायला जी दोन अक्षरं उरलेली असतात, ती लिंबानं खाल्ल्यावर उरतो तो तांब्याचा चकचकीत तुकडा. गाळात, हवा न लागता, ते नाणं जितकं सुखरूप होतं तितकं ते पितळी डब्यात कधीच नसेल.

आता कायद्याकडे येऊ, कारण इथे हौशी मंडळींची पहिली खरी तक्रार आहे. आपल्याकडे आजही १८७८ सालचा भारतीय निखात निधी अधिनियम चालतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे, कधी. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा जामीन द्यायचा. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दहा रुपयांची ही मर्यादा राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, आणि ती वाढलेली नाही.

पण ‘सरकार सगळं गिळतं’ हे लोकांनी न वाचता ठरवून टाकलं आहे. कायदा असं म्हणत नाही. ठेवा कोणाचा हे ठरवण्यासाठी जाहीर सूचना निघते, हक्क सांगायला मुदत मिळते. खरा मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला तो स्वतःकडे हवा असेल तर त्याला मोबदला द्यावाच लागतो. गोची आहे ती त्या मोबदल्याच्या हिशेबात. नुसत्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा, एवढंच कायदा देतो. तांबं किलोला आठशे रुपये धरलं तर दहा ग्रॅमच्या शिवराईचे आठ रुपये, वर एक रुपया साठ पैसे. नऊ रुपये साठ पैशांसाठी तहसील कचेरीच्या चकरा कोण मारणार? प्रामाणिक माणसाला मूर्ख ठरवणारा हा हिशेब आहे, आणि तो बदलायलाच हवा. ऐतिहासिक किमतीवर मोबदला द्या, सापडणाऱ्याचं नाव संग्रहालयातल्या पाटीवर लिहा, नोंद तलाठ्याकडे करता येईल अशी सोय करा. या मागणीवर सर्वांत आधी सही मी करीन. पण कायदा कंजूष आहे म्हणून ठेवा खिशात घालण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. बाजारभाव पडला म्हणून कोणी बाजार समितीचा काटा उचलून घरी नेत नाही.

इंग्लंडचं उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरतं द्यावं. तिथे जमीनमालकाची परवानगी लागते. संरक्षित स्मारकांच्या जागी परवानगीशिवाय यंत्र फिरवणं १९७९च्या कायद्यानं गुन्हा आहे. लंडनमध्ये थेम्सच्या ओहोटीत चिखल चाळायचा तर बंदर प्राधिकरणाचा परवाना हवा. १९९६चा ठेव्यांचा कायदा आहे, आणि १९९७पासून सापडलेल्या वस्तू नोंदवण्याची एक मोठी योजना चालू आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले अधिकारी हौशी लोकांकडून वस्तू पाहायला घेतात, जागेसकट नोंदतात आणि बहुतेक वस्तू परत देतात. पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची अशी नोंद झाली आहे. शेजारच्या आयर्लंडनं नेमकी उलटी वाट धरली. तिथे पुराणवस्तू शोधण्यासाठी परवान्याशिवाय यंत्र वापरणंच १९८७पासून बेकायदा आहे. या दोन वाटांपैकी कोणती बरी यावर वाद घालता येईल. पण इंग्रजांचं खुरपं घ्यायचं आणि त्यांची नोंदवही तिथेच ठेवायची, ही तिसरी वाट दोघांपैकी एकाचीही नाही.

राहिला जेसीबी. ही दुसरी खरी तक्रार, आणि सर्वांत वजनदार. २०१७पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तलावातला गाळ निघावा, शेताला मिळावा, हे आमच्यासारख्या दुष्काळी मुलखाला हवंच आहे. त्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण जुन्या, शतकांपूर्वीच्या तळ्यांवर पोकलेन चढतो तेव्हा त्या गाळात काय आहे हे कोणी पाहत नाही, हे सत्य आहे. बारवांची स्वच्छता करणाऱ्या उत्साही तरुणांनाही हा प्रश्न विचारायला हवा. एका बकेटमध्ये जितकं जातं तितकं हौशी माणूस अख्ख्या उन्हाळ्यात उकरत नाही.

तरी या तक्रारीतून हौशी मंडळींना हवा तो निष्कर्ष निघत नाही. जेसीबी आंधळा आहे. तो खापर, हाड, नाणं सगळं सारखंच उचलतो, आणि जागा उद्ध्वस्त झाली हे पुढच्या माणसाला निदान दिसतं. डिटेक्टर निवडून उचलतो. तो फक्त धातू नेतो, खड्डा बुजवतो, वरून जागा जशीच्या तशी दिसते. दहा वर्षांनी तिथे अभ्यासक आला तर त्याला खापरं मिळतील, मणी मिळतील, आणि तो प्रामाणिकपणे लिहील, की इथे नाणी चलनात नव्हती. पहिल्यानं पुरावा नष्ट केला. दुसऱ्यानं तो खोटा केला. खोटा पुरावा नसलेल्या पुराव्यापेक्षा जास्त नुकसान करतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा.

आणि जेसीबीची खरोखर चिंता असेल तर तुमच्या यंत्राला याहून चांगलं काम कुठलं? पोकलेन उतरण्याआधी जुन्या तळ्यावर ओळीनं चाला, झेंड्या रोवा, मोबाइलमधल्या जीपीएसनं जागा टिपा, फोटो काढा. ही माहिती तहसीलदार, राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आणि नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय यांच्या हाती द्या. गाळ काढण्याच्या परवानगीत ‘जुन्या तळ्याची आधी पाहणी’ अशी एक अट घाला म्हणून ग्रामसभेत ठराव करा. ही मागणी हौशी मंडळींनी केली, तर त्यांना चोर म्हणणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतील.

नगरकरांसाठी एक इशारा वेगळा द्यायला हवा. आपल्या जिल्ह्यात खारे कर्जुनेकडे लष्कराचं के. के. रेंज हे गोळीबाराच्या सरावाचं क्षेत्र आहे, आणि तिथलं भंगार हाताळताना स्फोट होऊन माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. यंत्राला नाणं आणि न फुटलेला गोळा यांतलं अंतर कळत नाही. दोन्हींना आवाज येतो. तेव्हा लष्कराच्या हद्दीच्या आसपास हा छंद केवळ बेकायदा नाही, तो जिवावरचा आहे.

बटणांना कोणी क्षुल्लक समजू नये. १८०३च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं नगरची पेठ आणि मग किल्ला घेतला. पुढे इथे छावणी वसली. बोअर युद्धातले कैदी इथे आणले गेले, पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक इथे स्थानबद्ध होते. पलटणीचा आकडा असलेलं एक बटण ठरावीक पाणवठ्याशी सापडलं, तर त्या पलटणीचा तळ कुठे होता ते सांगू शकतं. तेच बटण जुन्या बाजारात कापडावर मांडलं, की उरतं ‘ब्रिटिश बटण, ओरिजिनल’.

शेवटी सगळ्या युक्तिवादांना पुरून उरणारी एक कसोटी आहे. इतिहास वाचवणाऱ्याला आपण काय वाचवलं हे सांगायची घाई असते. जोगलटेंभी आपल्याला गावाच्या नावासकट माहीत आहे ती त्यामुळेच. हौशी मंडळी मात्र नाण्याचा फोटो चारचौघांत फिरवतात आणि ‘कुठे सापडलं?’ म्हटलं की ‘आहे एक स्पॉट’ म्हणून हसतात. दुसऱ्या कोणी तिथे जाऊ नये म्हणून जागा लपवली जाते, म्हणजे तिची किंमत त्यांनाही कळते. ज्या दिवशी ते नाण्याआधी जागा सांगतील, त्या दिवशी मी हा लेख मागे घेईन आणि भातोडीच्या तळात त्यांच्यासोबत झेंड्या रोवायला जाईन. तोवर, जागा लपवून नाणं मिरवणाऱ्यानं स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवून घेऊ नये.